खुडूक कोंबडीचे एकवीस दिवस

दसरा आणि बलिप्रतिपदा यांच्यामध्ये बहुतेक वर्षी एकवीस दिवस असतात. एखादी तिथी घटली तर वीस. २०२३ साली दसरा २४ ऑक्टोबरला होता आणि पाडवा १४ नोव्हेंबरला. २०२४ साली १२ ऑक्टोबर आणि २ नोव्हेंबर. दिनदर्शिका समोर ठेवून हा हिशेब मी अलीकडे केला, पण लहानपणापासून तो मला ठाऊक होता. कामठीच्या आमच्या घरी आजी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन आली की त्याच संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, खुडूक बसलेल्या कोंबडीखाली अंडी ठेवायची. "शेजारी दिवाळीचे फटाके वाजतीन तवा आपल्या घरी पिल्लं बोलतीन," असे ती म्हणे. अंडे उबून पिल्लू बाहेर यायला एकवीस दिवस लागतात हे तिने कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. दोन सणांमधले अंतर तिने कोंबडीच्या अंगाने मोजलेले होते.

गेली काही वर्षे मी कामठीच्या छावणीचा आणि बाजाराचा सामाजिक इतिहास गोळा करते आहे. त्या कामात बैल भेटतात, घोडे भेटतात, धान्य, कापड, दारू आणि विडी भेटते. कोंबडी मात्र भेटते ती ताटात. साहेबाच्या टेबलावर अंडे आले एवढे कळते. ते देणारी कोंबडी कोणाच्या परसात वाढली, तिला अंड्यांवर कोणी बसवले, हे कागदावर येत नाही. म्हणून मी हा विषय दोन्ही टोकांनी धरायचा ठरवला : एका टोकाला छापील ग्रंथ आणि दुसऱ्या टोकाला आजीचे टोपले. या दोहोंच्या मध्ये शंभर-सव्वाशे वर्षांत एक गोष्ट घडून गेली. कोंबडीचा खुडूकपणा, म्हणजे अंड्यांवर बसण्याची तिची ओढ, आधी गुण होता. तो दोष ठरला. तो दोष कसा ठरला आणि त्यात कोणाचे काय गेले, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

*

कामठीची छावणी १८२१ ची. सीताबर्डीची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरात झाली, भोसल्यांची सत्ता नावापुरती उरली, आणि नागपूरपासून दहा मैलांवर कन्हान नदीच्या काठी कंपनीच्या फौजेला कायमची जागा मिळाली. फौजेमागे बाजार आला. दाणेवाले, कापडवाले, खाटीक, धोबी, भिस्ती, आचारी आले. पुढे उत्तरेकडून मोमीन विणकर येऊन त्यांचे माग सुरू झाले. १८८१ च्या शिरगणतीत कामठीची वस्ती ५०,००० च्या पुढे होती. रेल्वे आल्यावर व्यापार नागपूरकडे सरकला आणि १९०१ पर्यंत ती ४०,००० च्या खाली उतरली. पण जोवर गोरी पलटण होती तोवर अंडी आणि कोंबड्या यांना गिऱ्हाईक होते.

हे गिऱ्हाईक काय वाचत होते तेही पाहता येते. फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या पंजाबात राहिलेल्या दोन बायकांचे हिंदुस्थानातील घरसंसारावरचे पुस्तक १८८८ साली निघाले आणि पुढे कित्येक वर्षे छावण्या-छावण्यांतून वापरले गेले. त्यात नोकर, गाय, कुत्रा, बाग यांच्या जोडीला कोंबड्यांवरही प्रकरण आहे. एकोणिसावे शतक संपता संपता 'इझा ट्वीड' या नावाने हिंदुस्थानातील कोंबडीपालनावर एक स्वतंत्र पुस्तक कलकत्त्याच्या थॅकर, स्पिंक कंपनीने काढले. अशा पुस्तकांचा गृहीत वाचक बंगल्यातला आहे. बंगल्यामागे कोंबड्यांचे खुराडे असावे, त्यावर मेमसाहेबाची नजर असावी, म्हणजे बाजारातल्या हडकुळ्या कोंबडीवर आणि शिळ्या अंड्यावर विसंबावे लागणार नाही, अशी ही दृष्टी. बाजारातले अंडे ज्या परसातून येई ते परस या नजरेच्या पलीकडे राहिले.

त्या परसाकडे आपल्याकडच्या लिहिणाऱ्यांनीही पाहिले नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजाने खाऊ नये अशा पक्ष्यांत गावकोंबडा आहे. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांच्या अंगणात कोंबडी नव्हती आणि ज्यांच्या अंगणात कोंबडी होती त्यांच्या हाती लेखणी नव्हती. कामठीत कोंबड्या पाळणारी घरे दलितांची, मुसलमानांची, ख्रिस्ती नोकरमाणसांची. पैकी आमची वस्ती विडीवर जगणारी. बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) हे कामठीचे. 'जय भीम' या अभिवादनाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले, आणि विडी कामगारांना संघटित करण्याचे कामही त्यांनी केले. त्यांच्या चरित्रात विडी कामगार आहेत. पण विडी वळणारी बाई दिवसभर ज्या दाराशी बसते त्या दाराशीच तिच्या कोंबड्या असतात, ही गोष्ट चरित्रात येण्याजोगी कोणाला वाटली नसावी.

मला ती महत्त्वाची वाटते. ठेकेदाराकडून पाने आणि तंबाखू घरी येई, हजारी विड्यांवर मजुरी मिळे. बाईचे हात सुपात गुंतलेले, पण डोळे मोकळे. घार उतरली, बोका आला, कोंबडी कुठल्या कोपऱ्यात अंडे घालून ओरडली, हे जागेवरून कळे. कोंबडीला वेगळी जागा नको, वेगळा चारा नको. उष्टे-खरकटे, सांडलेली कणी आणि उकिरड्यातले किडे यांवर ती जगे. विडीची मजुरी ठेकेदाराच्या वहीत आणि नवऱ्याच्या कानावर जाई. अंड्याचे पैसे आजीच्या कनवटीला राहत.

*

आता त्या टोपल्याकडे वळू. अंडी उबवायला बसवणे याला आपल्याकडे 'रवणाला बसवणे' म्हणतात. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि मग तिचे वागणे बदलते. ती खुराड्यातून उठत नाही, अंग फुगवते, हात नेला की टोचते आणि घशातून एक खडखडीत, तुटक आवाज काढते. हीच खुडूक. 'खुडूक' हा शब्द त्या आवाजासारखाच वाटतो. माणसांनाही तो लागला. घरात तोंड फुगवून बसलेल्याला 'खुडूक कोंबडीवानी काय बसला' असे आमच्याकडे विचारतात.

आजी लगेच अंडी ठेवत नसे. पहिले दोन दिवस एखादे नासके अंडे किंवा गुळगुळीत गोटा खाली ठेवून ती पाहत असे, कोंबडी खरेच ठाण मांडते की दुपारी उठून जाते. टोपल्यात आधी राख, तिच्यावर वाळलेले तणीस, त्यात कडुलिंबाचा पाला. राखेने उवा-पिसवा हटतात. बसलेल्या कोंबडीला उवा झाल्या तर ती अंडी सोडून उठते, ही त्यामागची भीती. अंडी आठवड्याच्या आतली हवीत, मध्यम आकाराची, न धुतलेली. प्रत्येकावर कोळशाची खूण, म्हणजे दुसरी एखादी कोंबडी मागाहून अंडे घालून गेली तर ते ओळखू यावे. संख्या नेहमी विषम : नऊ, अकरा, फार तर तेरा. विषम का, याला ती 'तशीच रीत हाय' एवढेच म्हणे. पण पोटाखाली जेवढी मावतील तेवढीच ठेवायची, हा नियम त्या रीतीच्या आत सुरक्षित होता.

अंडी गोळा होईपर्यंत ती कुठे ठेवायची हा विदर्भात खरा प्रश्न असतो. कोंबडी पंधरा-वीस दिवसांत मिळून बारा अंडी घालते, तरी पिल्ले जवळजवळ एकाच दिवशी निघतात. कारण अंडे थंड असेतोवर आतला जीव थांबून राहतो. कोंबडी बसली की सगळी अंडी एकदम चालू होतात. पण हवाच २७-२८ अंशांच्या वर गेली तर कोंबडी न बसताही तो जीव अर्धामुर्धा वाढू लागतो आणि मरतो. नागपूरकडचा उन्हाळा ४५ अंशांचा. म्हणून आजी अंड्यांचे गाडगे ओल्या वाळूवर ठेवी आणि होळीनंतर बसू पाहणाऱ्या कोंबडीला शक्यतो बसू देत नसे. पावसाळ्यात ओल आणि रोगराई, तेव्हाही नाही. दसरा ते माघ हा रवणाचा हंगाम. दसऱ्याची निवड श्रद्धेची वाटली तरी तिच्यामागे असे ऋतुमान होते.

बसलेली कोंबडी दिवसातून एकदा उठते, खाते, पिते, धुळीत लोळते आणि वीसेक मिनिटांत परतते. ती आपण होऊन उठली नाही तर आजी तिला दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवायची. बसल्या बसल्या कोंबडी चोचीने अंडी दिवसातून कितीतरी वेळा फिरवते, कडेची मध्ये आणते. तिच्या पोटाची पिसे गळून कातडी उघडी झालेली असते, तिची ऊब थेट अंड्याला लागते. आज यंत्रात साडेसदतीस अंशांच्या आसपास तापमान राखतात आणि अंडी ठरावीक तासांनी फिरवतात. दोन्ही गोष्टी तिच्याकडूनच शिकलेल्या आहेत. सातव्या रात्री आजी कंदिलापुढे मूठ धरून मुठीत एकेक अंडे लावून बघे. आत तांबड्या शिरांचे जाळे आणि मध्ये काळा ठिपका दिसला की ते परत खाली; नितळ दिसले तर वांझ. अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात रोज एक याप्रमाणे अंडी फोडून आतली वाढ लिहून ठेवली आणि तिसऱ्या दिवशी रक्ताच्या ठिपक्यासारखे हृदय धडधडताना पाहिले. जीवशास्त्राचा आरंभ सांगताना हा दाखला देतात. आजीने अंडे न फोडता तेच पाहिले होते, पण तिला ते पिल्लासाठी पाहायचे होते.

अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. बाहेर येण्याच्या आधी पिल्लू कवचाच्या आतून बोलू लागते आणि कोंबडी त्याला उत्तर देते. चोचीच्या टोकावर एक बारीक कठीण दाणा असतो, त्याने ते कवच आतून कातरते. मला घाई व्हायची, मी कवच सोलायला बघायची. आजी हात धरायची : "त्याचं त्याले निंगू दे. तू काढशीन त मरते." खरे आहे ते. बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते. लवकर काढले तर ते काम अपुरे राहते. या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस दाण्या-पाण्यावाचून राहू शकते, आणि म्हणूनच पहिले पिल्लू निघाल्यावरही कोंबडी शेवटच्या अंड्यासाठी बसून राहू शकते. या शिदोरीची गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे ती फार मोठ्या व्यापाराला उपयोगी पडणार आहे.

सगळी अंडी फुटत नसत आणि सगळी पिल्ले जगत नसत. अकरा अंड्यांतून नऊ पिल्ले निघाली तरी होळीपर्यंत चार-पाच उरली तर आजी खूश असे. घार, कावळा, मुंगूस आणि रोग यांचा वाटा धरलेलाच असे. उरलेल्यांत एखादा कोंबडा विकायचा, एखादा पाहुण्यांसाठी, आणि तलंगा राखायच्या. हिच्यातूनच देवघेवही चाले. विणकरांच्या मोहल्ल्यातली एक चाची आजीकडून खुडूक कोंबडी उसनी नेई आणि परत करताना एक पिल्लू देई. एखाद्या नव्या सुनेला वाट्याने कोंबडी दिली जाई : सांभाळ तिचा, पिल्ले निम्मी-निम्मी. गाठीला पैसा नसताना संसारात उत्पन्नाचे साधन उभे करण्याचा असा दुसरा मार्ग मला माहीत नाही. तो उभा होता कोंबडीच्या एका सवयीवर : ती बसत होती.

*

कोंबडीवाचून अंडी उबवणे हे नवे नाही. इजिप्तमध्ये मातीच्या मोठ्या भट्ट्यांतून हजारो अंडी एकाच वेळी उबवण्याची विद्या प्राचीन काळापासून होती. तिथले कारागीर अंडे पापणीला लावून उष्णता जोखत. फ्रान्समध्ये रेओम्यूरने कुजत्या शेणाच्या उष्णतेवर पिंपांत अंडी उबवून पाहिली आणि १७४९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. १८७९ साली कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी लायमन बायसने उष्णता नेमकी राखणारी उबवणी पेटी तयार केली आणि ते गाव पुढे अंड्यांची राजधानी म्हणून ओळखले गेले. यंत्र आले तसा प्रश्न निघाला : मग कोंबडीने बसायचे कशाला? बसलेली कोंबडी एकवीस दिवस आणि पुढे पिल्लांमागे दोन-तीन महिने अंडे देत नाही. यंत्राच्या मालकाच्या हिशेबात हे दिवस बुडीत होते.

इंग्रजी पुस्तकांत कोंबड्यांच्या जाती 'बसणाऱ्या' आणि 'न बसणाऱ्या' अशा वेगळ्या सांगण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ होती. चीनकडून आलेली कोचीन आणि तिच्याच वंशातली ब्रह्मा या बसणाऱ्यांत श्रेष्ठ. ब्रह्माला ब्रह्मपुत्रेचे नाव, पण तिच्या घडणीत शांघायकडच्या आणि चितगावकडच्या कोंबड्या. इटलीची लेगहॉर्न न बसणारी. यंत्राबरोबर लेगहॉर्नचे राज्य आले. मॅसॅच्युसेट्सच्या कृषी प्रयोग केंद्रात ह्यूबर्ट गुडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्होड आयलंड रेड कोंबड्यांत खुडूकपणा पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो याचा अभ्यास १९२० साली प्रसिद्ध केला. निवड करून तो कमी करता येतो हे दिसले. १९३५ साली ऑस्कर रिडल, रॉबर्ट बेट्स आणि अर्नेस्ट लाहर यांनी प्रोलॅक्टिन हा स्राव टोचून अंड्यावरच्या कोंबड्यांना खुडूक करून दाखवले. बाळंतिणीच्या अंगात दूध आणण्यामागे जो स्राव असतो तोच हा. आजी खुडूक कोंबडीबद्दल "ते आईपणात हाय" असे म्हणायची. रिडलचा निबंध वाचताना मला हे वाक्य आठवल्याशिवाय राहिले नाही.

हिंदुस्थानात ही लाट आधी मिशनऱ्यांबरोबर आली. संयुक्त प्रांतात एटा येथील अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गरीब ख्रिस्ती कुटुंबांसाठी परदेशी जातींची पैदास हाती घेतली. १९३९ साली इज्जतनगरला कोंबड्यांवरील संशोधनाचा विभाग निघाला. स्वातंत्र्यानंतर सुधारित कोंबडे वाटून गावठी वंश सुधारण्याच्या योजना आल्या, साठीच्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने उपयुक्त पोषण आहार कार्यक्रम आला आणि व्हाइट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड ही नावे खेड्यांत पोहोचली. महाराष्ट्र सरकारची अंडी उबवणी केंद्रे उभी राहिली. खडकी, कोल्हापूर, औरंगाबाद यांच्या जोडीला एक नागपुरात. खासगी हॅचऱ्या त्यांच्या कितीतरी पुढे गेल्या. एका दिवसाचे पिल्लू खोक्यात घालून रेल्वेने, विमानाने पाठवता येऊ लागले. ते वाटेत मरत नाही, कारण त्याच्या पोटात ती दोन-तीन दिवसांची शिदोरी असते. उशिरा फुटणाऱ्या भावंडासाठी आईला थांबता यावे म्हणून असलेल्या सोयीवर हा सारा व्यापार उभा आहे.

याच काळात खुडूकपणा पुस्तकांत 'दोष' म्हणून स्थिरावला. खुडूक कोंबडी ओळखा, वेगळी करा, तारेच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवा, वारंवार बसत असेल तर काढून टाका. घरगुती उपाय आधीपासून होतेच : कोंबडीला पाण्यात बुडवायचे, नाकपुड्यांतून पीस आरपार घालायचे. आजीही उन्हाळ्यात खुडूक झालेल्या कोंबडीला पाण्यात बुचकळायची. पण तिच्या लेखी तो त्या हंगामापुरता उपाय होता. आता कोंबडीची जातच बदलायची होती.

या बदलाने जे दिले ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते; आजची लेगहॉर्न वंशाची कोंबडी तीनशेच्या घरात. २०२२-२३ साली देशात १३,८०० कोटींहून अधिक अंडी निघाली. अंडे आज मजुराच्या मुलालाही परवडते ते यामुळेच. खुडूक कोंबडीच्या बळावर हे झाले नसते.

*

आमच्या घरी हा बदल आईच्या हाताने आला. एका योजनेतून तिला दहा सुधारित कोंबड्या मिळाल्या. पांढऱ्या, तुरेबाज, एकसारख्या. पहिल्या वर्षी अंडी इतकी की आजीसुद्धा गप्प झाली. माझ्या शाळेची फी, वह्या आणि आईचा चष्मा त्या अंड्यांतून आला. जागा कमी पडू लागली तशा आईने गावठी कोंबड्या एकेक करून विकल्या. मीच त्या बाजारात पोहोचवून आले. दसरा आला तेव्हा टोपले तयार होते, पण बसायला कोणी नव्हते. पांढऱ्या कोंबड्या अंडे घालत आणि चालू लागत. मागे वळून पाहत नसत. आजीने तरी दोघींना अंधारात टोपल्याखाली झाकून पाहिले. सकाळी अंडी थंड होती. तिसऱ्या वर्षी कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या, चौथ्या वर्षी मानमोडीची साथ आली आणि खुराडे रिकामे झाले. नवी पिल्ले घ्यायची तर पैसे हवे होते, आणि ते त्या वर्षी नव्हते.

मानमोडी या शब्दावर क्षणभर थांबायला हवे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला महाराष्ट्रात मानमोडी म्हणत. कोंबड्यांच्या ज्या रोगात मान वेडीवाकडी पिळली जाते त्यालाही आपण मानमोडीच म्हणतो. शास्त्रात त्याचे भारतातले नाव राणीखेत, कारण १९२७ साली एडवर्ड्स यांनी तो कुमाऊँमधल्या राणीखेतला नोंदवला. १९४६ साली हॅडो आणि इदनानी यांची लस प्रसिद्ध झाली. त्याआधी आणि लस न पोहोचलेल्या घरांत त्यानंतरही, मानमोडी आली की खुराडीच्या खुराडी रिकामी होत. आजीच्या काळातही होत. तिला त्यावर एकच उपाय माहीत होता : सगळ्या कोंबड्या एका घरी ठेवायच्या नाहीत. एक माहेरी, एक चाचीकडे, एक वाट्याने कन्हानला दिलेली. साथ गेली की त्यांपैकी कुठली तरी एक खुडूक बसे आणि घर पुन्हा भरे. आईच्या वेळी साथ तीच होती. फक्त पुन्हा भरण्याची वाट बंद झालेली होती.

विदर्भातल्या वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. १९७० साली एच-४ हे संकरित कापसाचे वाण आले, २००२ साली बीटी आले. उत्पन्न वाढले आणि घरच्या सरकीतून पुढच्या पेऱ्याचे बियाणे ठेवण्याची पद्धत गेली. दर मृगाला दुकानात उभे राहणे आले. खुडूकपणा हे परसातल्या कोंबडीचे घरचे बियाणे होते. शेतकऱ्याच्या बियाण्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले. बाईच्या या बियाण्याबद्दल लिहिले गेले नाही, कारण ते गेल्याची किंमत तिच्या कनवटीपुरतीच होती.

एकाच ठिकाणी सगळे गोळा होण्याचा धोकाही आता समोर आला आहे. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्री पट्ट्यात सापडला. तेव्हा आसपासच्या गावांतल्या परसातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. खुराडे छोटे म्हणून सुटले नाही. २०२४ च्या मार्चमध्ये नागपूरच्या सरकारी उबवणी केंद्रातच हा रोग निघाला आणि तिथले आठ हजारांवर पक्षी आणि साठवलेली अंडी नष्ट करावी लागली. रोग कुठेही येऊ शकतो. पण जिथून पिल्ले वाटायची तीच जागा बंद पडली तर परसातल्या बाईने पुढची पिल्ले कुठून आणायची, हा प्रश्न आजीच्या काळात उद्‌भवला नसता.

*

गंमत अशी की परसातली कोंबडी संपली नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातले परसातले पक्षी ३१ कोटी ७० लाखांच्या आसपास भरले; आधीच्या गणनेपेक्षा जवळजवळ ४६ टक्के जास्त. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या संशोधन केंद्राची वनराज अशा परसासाठीच घडवलेल्या जाती आल्या. दिसायला रंगीत, काटक, अंड्याला आणि मांसाला बऱ्या. पण बसण्याच्या बाबतीत त्यांचा भरवसा नाही. म्हणून जिच्याकडे गिरिराज आहे ती शहाणी बाई दोन-तीन गावठी कोंबड्या मुद्दाम राखते आणि गिरिराजची अंडी तिच्याखाली ठेवते. बदकाची अंडीसुद्धा तीच उबवते, एकवीसऐवजी अठ्ठावीस दिवस तक्रार न करता बसून. पुस्तकाने दोषी ठरवलेली कोंबडी अशी मागल्या दाराने कामावर परतली आहे.

आजी गेल्यावर काही वर्षांनी मी चाचीच्या घरी गेले होते. चाचीही आता नाही. तिची सून भेटली. परसात एक तांबूस-काळी कोंबडी टोपल्यात अंग फुगवून बसली होती. मी जवळ गेले तशी टोचायला आली. सून म्हणाली, ही तुमच्याकडच्याच कोंबड्यांची जात. सासूबाई सांगायच्या, दसऱ्याला उसनी आणली होती, परत करायचे राहून गेले. टोपल्यातली अंडी मोजली. अकरा होती, आणि प्रत्येकावर कोळशाची खूण होती. निघताना तिने विचारले, एखादे पिल्लू देऊ का. मी म्हटले, पिल्लू नको. खुडूक झालेली तलंग असेल तेव्हा सांगा.

गेल्या दसऱ्याच्या आधी तिचा निरोप आला. टोपले आईने तयार केले. राख, तणीस, कडुलिंब. अंडी नऊ ठेवली. फटाके वाजत होते त्या पहाटे आतून बोलणे ऐकू आले. आईने मला उठवले आणि हात लावू नको म्हणाली. नवातली सात निघाली.